नऊ पोती काळी माती

केळीच्या एका झाडाला आयुष्यात एकदाच घड लागतो. घड उतरवला की झाड कापतात.

*

भरताची वांगी हिरवी असतात, पोटाशी पांढरट, दोन वांग्यांत किलो भरेल अशी. ती भाजायला पऱ्हाट्या लागतात, म्हणजे कपाशी वेचून झाल्यावर शेतात उभ्या राहिलेल्या वाळक्या काड्या. गॅसवर भाजलं ते भरीत नव्हे, असं गावातल्या माणसाचं मत असतं. गाव सोडलेल्या माणसाचं जरा जास्तच असतं.

*

स्कूटरच्या डिकीत: रेनकोट, पाना, कॉलेजच्या प्रयोगशाळेची चावी, थोडी गोरी माती.

*

"पोत्यात भरतेत भो. पोत्यात पेरत नाई कोनी."

*

या घरात जानेवारीपासून बटाट्याची भाजी झालेली नाही. महाशिवरात्रीला रताळी उकडली.

*

स्टीलचा एक पेला. बाहेरून नाव कोरलेलं: सौ. लताबाई लोटन. आतून युरियाने पांढरा पडलेला.

*

"मी नही टाकेल." हे वाक्य अहिराणी आहे. म्हणजे, मी टाकलेले नाहीत. ते तीनदा म्हटलं गेलं.

पोतं पहिलं

लोटननाना एकाहत्तर वर्षांचे. यावल तालुक्यात अडीच एकर मळा, विहीर, चाळीस वर्षं केळी. बायको, लताबाई, तीन वर्षांपूर्वी गेली. तिचं वर्षश्राद्ध झालं आणि महिनाभरात नाना विहिरीवरच्या मोटरजवळ पडले. खुब्याचं हाड मोडलं. दुपारपासून दिवस मावळेपर्यंत ते तिथेच पडून होते. शेजारच्या मळ्यातला जीवराम पाणी बदलायला आला तेव्हा सापडले. योगराज, त्यांचा एकुलता एक मुलगा, त्यांना दवाखान्यातून थेट धुळ्याला घेऊन आला. तेव्हापासून मळा जीवराम करायचा आणि नाना देवपूर भागातल्या घराच्या पुढच्या खोलीत कॉटवर बसून रस्त्यावरच्या रिक्षा मोजायचे.

योगराज एका कॉलेजात लॅब असिस्टंट आहे. त्याची बायको कामिनी मागच्या खोलीत ब्लाउज शिवते. तिचं माहेर पारोळ्याचं. नाना पूर्वेकडचे, त्यांच्यात "हाये" म्हणतात, केळीला "केयी" आणि मळ्याला "मया". कामिनीच्या माहेरी "शे". लग्न झालं त्या वर्षी नाना पाहुण्यांना सांगायचे, "आमच्या घरात आता दोन भाषा हायेत. एक मराठी अन एक हिची." कामिनीही हसायची. पुढे पुढे ती नानांसमोर बोलायचीच कमी.

योगराजला मळा विकायचा होता. जीवराम घ्यायला तयार होता. त्यातून गच्चीवर एक खोली चढवायची, नानांना स्वतंत्र, असा त्याचा हिशेब. नानांना स्वतंत्र खोली नको होती, मळा हवा होता. तिथे परत जायचं होतं, एकट्याने राहायचं होतं. अख्खा पावसाळा या घरात एवढ्या एकाच गोष्टीवर भांडण झालं. जेवताना झालं, चहाला झालं, टीव्हीवर बातम्या चालू असताना आवाज कमी करून झालं.

नवरात्रात जीवराम ट्रॅक्टरचा एक पार्ट न्यायला धुळ्याला आला. घरी चहाला थांबला. त्याच्यासमोर पुन्हा तेच.

"नाना, तुमच्याने आता शेती होणार नाही," योगराज म्हणाला.

"कोन म्हनते?"

"डॉक्टर म्हणतात."

"डॉक्टरनं कधी केयी लावली का?"

योगराजने मोबाइल काढला. "हे बघा. लोक आता पोत्यात बटाटे काढतात. थंडीत लावायचे, थंडीत काढायचे. एवढीच हौस असेल तर गच्चीवर करा."

नानांनी मोबाइल हातभर लांब धरून पाहिला. "पोत्यात भरतेत भो. पोत्यात पेरत नाई कोनी."

"लावा नाना," जीवराम हसत म्हणाला. "केयीवाल्याले बटाटा काय जड हाये?"

नाना हसले नाहीत. मोबाइल परत दिला आणि म्हणाले, "निंगाले तं?"

"काय निघाले तर?"

"बटाटे. निंगाले तं मी गावी जाईन, मया मी करीन, अन पुन्हा कोनी विषय काढायचा नाई. नाई निंगाले तं जीवरामले खरेदीखत करून देऊ. जिथं म्हनशीन तिथं सही. बोल."

जीवरामने मध्यस्थी केली. पोती नऊ, बटाटे दहा किलो, काटा मी आणीन. "दहा किलो तं घरातल्या उंदराले बी निंगतीन," तो म्हणाला.

योगराजने कामिनीकडे पाहिलं. ती ब्लाउजला हुक लावत होती. मान वर न करता म्हणाली, "माले काय इचारतस? गच्ची गळाले नको, बस."

असं ठरलं.

पोतं दुसरं

माती नानांच्या मळ्यातूनच यायला हवी होती. धुळ्याच्या मातीवर त्यांचा विश्वास नव्हता. जीवरामने पिकअपमधून नऊ पोती काळी माती पाठवली. खताची जुनी पोती, वर सुतळीने बांधलेली. योगराजने पाच वर चढवली. चार कामिनीने, अर्धी अर्धी करून, घमेल्यातून. नाना जिन्याच्या तळाशी काठी टेकून उभे राहिले आणि कुठली कुठे ठेवायची ते सांगत राहिले.

काळी माती ओली झाली की लोण्यासारखी होते आणि वाळली की विटेसारखी. केळीला ती चालते. केळीला काय चालत नाही.

दिवाळीच्या पाडव्याला लावणी केली. बियाणं स्वयंपाकघरातल्या टोपलीतलं, कोंब आलेले बटाटे. प्रत्येक तुकड्याला दोन डोळे ठेवून नानांनी ते कापले आणि राखेत घोळवले. पोत्यांचे काठ खाली दुमडले. झाड वाढेल तसा काठ उलगडत जायचा आणि माती चढवत जायची.

खाली उतरताना त्यांचा गुडघा वाजला. योगराज म्हणाला, हळू. नाना म्हणाले, "नव्वद दिवस."

पोतं तिसरं

चाळीस वर्षं एक पीक केलेल्या माणसाचा हात डोक्याला विचारत नाही.

केळी खादाड. तिला आठवड्याला युरिया, रोज पाणी. बुंध्याशी पिलं फुटतात ती कोयत्याने कापत राहायचं, एका खोडाला एकच ठेवायचं, म्हणजे घड मोठा येतो. नानांनी बटाट्याला तेच केलं. एका तुकड्यातून चार-पाच कोंब वर आले, ते चाकूने कापून एक ठेवला. दर सोमवारी लताबाईचा पेला भरून युरिया पाण्यात विरघळवला आणि नऊ पोत्यांत वाटला. सकाळ-संध्याकाळ पाणी.

पाला असा आला की गल्लीतून दिसायला लागला. काळपट हिरवा, जाड देठांचा, नानांच्या कमरेच्या वर. शेजारच्या बायका कपडे वाळत घालताना थांबून बघायच्या. नानांनी योगराजला फोटो काढायला लावले आणि गावातल्या ग्रुपवर टाकायला लावले. जीवरामचा रेकॉर्ड केलेला आवाज लगेच आला: "नाना, हा पाला पाहून वाटते खाली हत्ती निंगन." नानांनी तो आवाज दिवसातून तीनदा ऐकला. संध्याकाळी योगराज कॉलेजातून आला की त्यालाही ऐकवायचे.

योगराजने दाखवलेला व्हिडिओ अकरा मिनिटांचा होता. युरिया जास्त झाला तर सगळं पाल्यात जातं आणि खाली काही धरत नाही, हे त्यात नवव्या मिनिटाला सांगितलं होतं. नानांनी तीन मिनिटं पाहिला होता.

त्या दोन महिन्यांत नाना काठीशिवाय जिना चढायला लागले. हेही खरं.

पोतं चौथं

गच्ची गळाली.

रोजचं पाणी पोत्यांतून झिरपून कठड्याशी साचायचं आणि डिसेंबरात मागच्या खोलीच्या छतातून खाली आलं. शिलाई मशीनवर. तिथे एका नवरीचा ब्लाउज होता, मोतिया रंगाचा, हळदीच्या दिवसाचा. त्यावर मळ्यातल्या मातीचा तळहाताएवढा डाग पडला. कामिनीने तो तीनदा धुतला. डाग फिका झाला, गेला नाही. नवरीची आई आली आणि गल्लीला ऐकू जाईल असं बोलून गेली.

कामिनीने मशीन खोलीच्या दुसऱ्या कोपऱ्यात ओढलं आणि छताखाली बादली ठेवली. संध्याकाळी फोनवर आईशी बोलली. नाना पाणी प्यायला उठले होते, दाराशी थांबले.

"एकदा नाना गावले गयात का गच्ची बी मोकळी, मी बी मोकळी," कामिनी म्हणत होती.

नाना पाणी न पिता परत कॉटवर जाऊन बसले.

पोतं पाचवं

जानेवारीचा दुसरा रविवार, पहाट. धुळ्यात त्या आठवड्यात अशी थंडी होती की टाकीच्या झाकणावर दव नुसतं साचून होतं, ओघळत नव्हतं. काढणीला आठ दिवस उरलेले. नानांना दम धरवला नाही. ते वर गेले, बाही कोपरापर्यंत वर केली आणि पाचव्या पोत्यात हात घातला.

माती गार आणि घट्ट. बोटं रुतवत ते बुंध्याच्या तळाशी गेले. मुळं लागली. पुष्कळ मुळं. एक गोल गोळा हाताला लागला. त्यांनी तो अलगद वर काढला आणि मुठीत धरून जरा वेळ तसेच बसले. मग मूठ दाबली. ढेकूळ होतं.

त्यांनी दुसऱ्या पोत्यात हात घातला. मग सातव्या. दोन्हींत मुळं, धागे, काही नाही. सगळ्यांत खोल जागी हरभऱ्याएवढं काहीतरी बोटाला लागलं आणि निसटलं.

वर कमरेएवढा पाला, दवाने जड झालेला. नाना पोत्याला टेकून फरशीवर बसले. हात काळा, कोपरापर्यंत. त्यांना समजलं. काय चुकलं ते नाही, एवढंच की हरलो. मळा गेला. मोटरचा आवाज, विहिरीच्या थारोळ्यातलं पाणी, लताबाईने लावलेला बांधावरचा शेवगा, हे सगळं आता जीवरामचं.

जिन्याचं दार करकरलं. नानांनी झटकन बाही खाली ओढली. वाट पाहिली. कुणी आलं नाही. कामिनी कपडे वाळत घालायला येत असेल आणि थंडी बघून परत गेली असेल, असं त्यांना वाटलं.

त्यांनी तिन्ही पोत्यांतली माती हाताने सारखी केली. खाली येऊन कुणाला काही सांगितलं नाही. चहा पिताना योगराजने विचारलं, "काय नाना, कसं आहे पीक?"

"पाला पाह्य ना," नाना म्हणाले.

पोतं सहावं

या पोत्याबद्दल वेगळं सांगण्यासारखं काही नाही. हे टाकीच्या सावलीत होतं.

शुक्रवारी कामिनीने नानांना डोळे तपासायला नेलं. रांगेत तीन तास गेले. योगराजला बरं वाटत नव्हतं, तो घरीच होता.

शनिवारी संध्याकाळी नाना वर गेले तेव्हा कामिनी गच्चीच्या नळाशी बसून हात धूत होती. मनगटापर्यंत काळी माती. नानांना पाहून ती उठली, पदराला हात पुसले आणि खाली गेली.

पोतं सातवं

रविवारी जीवराम पिकअप घेऊन आला. मागे पऱ्हाट्यांचा भारा, वांग्यांची पिशवी, हिरव्या मिरच्या, हुकाचा काटा. जिंको कुणी, हरो कुणी, भरीत तर होणारच, असं त्याचं म्हणणं. गच्चीच्या कोपऱ्यात विटा मांडून त्याने पऱ्हाट्या पेटवल्या आणि वांगी त्यात टाकली. कामिनी खालून कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या, भाकरीचं पीठ, परात आणि तवा घेऊन वर आली.

ताडपत्री अंथरली. योगराज म्हणाला, मी ओततो. नाना खुर्चीवर बसले, गुडघ्यांवर दोन्ही हात. सकाळपासून त्यांनी चहाशिवाय काही घेतलं नव्हतं. काय होणार ते त्यांना माहीत होतं. कुठल्या तोंडाने ते पाहायचं, एवढंच ठरवायचं होतं.

पहिलं पोतं आडवं झालं. माती सांडली आणि मातीतून बटाटे घरंगळले.

"अरे," जीवराम म्हणाला. "अरे वा नाना."

आठ बटाटे. चांगले मुठीएवढे. जीवराम पिशवीत घालून काट्याला लावेपर्यंत योगराजने दुसरं पोतं ओतलं. पुन्हा आठ.

हात पुढे करून नानांनी एक बटाटा मागितला. योगराजने दिला. त्यांनी तो धोतराला पुसला आणि अंगठा घासला. नव्या बटाट्याची साल अंगठ्याने निघते, पोराच्या खरचटलेल्या गुडघ्यासारखी. ही निघेना. देठाजवळ धागा नव्हता, धागा तुटल्याची खूणही नव्हती. डोळ्यांच्या खाचेत बारीक माती बसली होती. गोरी, रेताड. नऊच्या नऊ पोत्यांत तसली माती एक चिमूटही नव्हती.

त्यांनी बटाटा मांडीवर ठेवला.

तिसरं पोतं, चौथं, पाचवं. पाचव्यातून पण आठ. नानांनी मोजले. झाड मोजून देत नाही. याच पोत्यात त्यांनी आठ दिवसांपूर्वी कोपरापर्यंत हात घातला होता. ते गप्प राहिले. सहाव्याला त्यांना मोटरचा आवाज आठवला. गप्प राहिलं तर उद्याच्या एसटीने जाता येईल. पारोळा, एरंडोल, जळगाव, तिथून यावल. सातव्याला ते मनाने मळ्यात पोचलेही, दार उघडलं, मोटर चालू केली. पाणी आलं. आणि पाण्याबरोबर दारातून ऐकलेलं ते वाक्य आलं. गच्ची बी मोकळी, मी बी मोकळी. तिथे जितके दिवस जगायचं तितके दिवस ते वाक्य पाण्याबरोबर येणार होतं.

आठव्यानंतर जीवरामने एकूण सांगितलं. "दहा किलो सातशे. नववं तं अजून बाकी हाये. नाना, जिंकले भो तुम्ही. माह्या नशिबी तुमचा मया नाई." तो खरंच खुश दिसत होता. "योगराज, पेढे आन."

"काटा ठेव जीवराम," नाना म्हणाले.

"का हो?"

"हे बटाटे माह्ये नाईत."

कामिनीने भाकरी थापायची थांबवली.

नानांनी मांडीवरचा बटाटा वर धरला. "हा गेल्या वर्षीचा हाये. कोल्ड स्टोरेजचा. साल पाह्य. अन ही माती पाह्य. माह्या मयात गोरी माती कुठून आली?"

"चालते ना नाना," जीवराम हळू आवाजात म्हणाला. "दहा झाले ना. मी कुठं काई म्हनतो?"

"गेल्या रविवारी मी हात घालून पाह्यला. खाली काईच नव्हतं." मग ते वळले. "सूनबाई, एवढी घाई व्हती तं सांगायचं व्हतं. मी पायी गेलो असतो."

कामिनीला कळायला वेळ लागला. मग कळलं. पिठाचे हात तसेच ठेवून ती म्हणाली, "नाना, मी नही टाकेल."

"काल नयावर हात कशाचे धूत व्हती?"

"मोरीनं तोंड तुंबेल व्हतं. तुमनीच माती व्हती ती."

"अन मायले फोनवर काय सांगितलं? मोकळी व्हईन म्हने."

विस्तवात एक वांगं फुटलं आणि पाणी सुरसुरलं.

"ते मी बोलनू," ती म्हणाली. "पन बटाटा मी नही टाकेल."

"पारोळ्यात हेच शिकवतेत का? बाजारातून आनायचं अन म्हाताऱ्याच्या पोत्यात पेरायचं?"

माहेराचं नाव निघाल्यावर तिने योगराजकडे पाहिलं. नवरा म्हणून नाही, एखाद्या साक्षीदाराकडे बघावं तसं. योगराज उकिडवा बसून ताडपत्रीवरचे बटाटे एका बाजूला करत होता.

"जाऊ द्या ना नाना," तो म्हणाला. "निघाले ते निघाले. ठरलं तसं तुम्ही गावी जा."

नाना त्याच्याकडे वळले. "तू बी हेच म्हनतो," ते म्हणाले. "म्हनजे दोघांलेबी नको."

"तसं नाही नाना."

"मंग कसं?"

वांगी करपायला लागली होती, योगराज ती उलटी करायला उठला.

"मी हरलो," नाना जीवरामला म्हणाले. "कागद कर."

त्या दिवशीचं भरीत कामिनीनेच ठेचलं. मिरच्या, लसूण, वरून तेल. जीवराम दोन भाकरी खाऊन गेला. मान खाली घालून खाल्लं, पण खाल्लं. भरीत चांगलं झालं होतं.

पोतं आठवं

फेब्रुवारीत खरेदीखत झालं. कचेरीबाहेर जीवरामने त्यांचे पाय धरले आणि म्हणाला, "नाना, कधी बी या. मया तुमचाच हाये." ज्याचा मळा उरत नाही त्याला असं म्हणतात.

गच्चीवर खोली चढली. पोती ठेवली होती बरोबर त्या जागी. पूर्वेला खिडकी, भिंतीला फिकट निळा रंग, स्वतंत्र नळ. नाना आता तिथे राहतात. गच्ची गळत नाही.

कामिनी दोन वेळा ताट वर नेते, दाराशी स्टुलावर ठेवते आणि वाटी पेल्यावर वाजवते. तो आवाज म्हणजे जेवण आलं. नाना ती खाली गेल्यावर ताट घेतात. त्यांच्यात एवढंच बोलणं उरलं आहे.

ही गोष्ट यावल तालुक्यात सगळ्यांना माहीत आहे. जीवरामने सांगितली नसेल तर ग्रुपने सांगितली. सुनेने सासऱ्याला घालवायला बाजारचे बटाटे पेरले. लग्नाकार्यात बायका कामिनीला जागा करून देतात आणि मग आपसात बोलायला लागतात. पारोळ्याहून तिचा भाऊ चुडामण आला, आठ दिवसांसाठी तिला घेऊन गेला. तिकडे ओट्यावर बसून तिने त्यालाही सांगितलं, "दादा, मी नही टाकेल."

चुडामण हसला. "टाकात तं टाकात. वाईट काय कयं त्यामा? म्हातारा जिंकताच ना."

त्यानंतर तिने ते वाक्य कुणाला म्हटलं नाही.

माहेरून आल्यावर एकदा, योगराज डबा भरत असताना, तिने त्याला विचारलं. आवाज न चढवता, भाजीत मीठ झालं का असं विचारावं तसं. "तुमी टाकेल का?"

"मी?" योगराज म्हणाला. "मी कशाला टाकू? मळा विकायच्या मागे तर मीच होतो."

ते बरोबर होतं. त्यात चूक काढता येत नव्हती. कामिनी मशीनवर जाऊन बसली आणि दोऱ्याचं टोक सुईत घालत राहिली.

पोतं नववं

नववं पोतं कुणी ओतलंच नव्हतं. भांडणात राहून गेलं. मार्चमध्ये गवंडी येणार म्हणून कामिनीने ते मोकळं केलं. पाला केव्हाच वाळून पडला होता.

मातीत आठ बटाटे होते, मोठे, सुरकुतलेले, कोंब फुटलेले. ते तिने बाजूला टाकले. मग बुंधा झटकला तेव्हा मुळाच्या धाग्याला लोंबणारे आणखी तीन निघाले. दोन हरभऱ्याएवढे, एक बोराएवढं. तिने बोराएवढ्यावर अंगठा फिरवला. साल निघाली.

तिने ते नळाखाली धुतले, खाली येऊन चहाच्या पातेल्यात उकडले आणि ओट्याशी उभं राहून मिठाबरोबर खाल्ले. कुणाला दाखवले नाहीत. वर नाना तेव्हा गच्चीच्या दुसऱ्या टोकाला खुर्ची टाकून उन्हात बसले होते, तिच्याकडे पाठ करून.

काळ्या मातीचं काय करायचं, असं गवंड्याने विचारलं. ती सिमेंटला चालत नाही. त्याने नऊही पोत्यांतली माती घमेल्याने खाली आणली आणि रस्त्याच्या कडेला टाकली.

जानेवारीच्या दुसऱ्या रविवारी पहाटे जिन्याचं दार उघडून परत लोटलं होतं ते योगराजने. संक्रांतीच्या आदल्या दिवशी, तेरा जानेवारीला, कॉलेज सुटल्यावर त्याने धुळ्याच्या भाजीबाजारात बारा किलो बटाटे घेतले. सगळे एका मापाचे असावेत म्हणून प्रत्येक बटाटा दोन बोटांत धरून पाहिला, आणि मग पिशवी स्कूटरच्या डिकीत ठेवली.